चुरगळ्याचा हातमोजा

"वाच ना आत्या, खाली काय लिहिलंय ते!" भिंगरीने तिसऱ्यांदा म्हटलं.

आत्या टीव्हीसमोर खिळून बसली होती. दोन लोखंडी राक्षस आभाळात एकमेकांच्या अंगावर धावत होते. त्यांच्या पोटात बसलेली दोन पोरं परक्या भाषेत ओरडत होती, आणि खाली पांढरी अक्षरं वाळत घातल्यासारखी ओळीने लटकत होती.

भिंगरी तिच्या भावाची लेक, अकरा वर्षांची. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दोन्हींवर जाड पट्टी. आईबाप कामावर, म्हणून दुपारची लाँड्री बंद ठेवून आत्या सोबतीला. ही विमानवीरांची कार्टून मालिका पोरीच्या जिवाची. पण नुसतं ऐकून तिला काय कळणार?

आणि आत्याला वाचता येत नव्हतं. हे तिने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. लाँड्रीत ती कपड्यांवर गिऱ्हाइकांची नावं लिहीत नसे, कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचे टाके घालायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंना दोन निळे, हेडमास्तरांना एक लाल. कुणी विचारलं तर फटकन म्हणायची, "शाई धुतली की जाते. टाका कापडाआधी मरत नाही."

"वाचायचं काय त्यात मेलं!" ती म्हणाली. "मी सांगते, तू कान दे."

आणि तिने कपडे वाचले. बत्तीस वर्षं तेच वाचत आली होती.

"हा गोरागोमटा नायक आहे ना, त्याच्या अंगावर सुरकुती म्हणून नाही. घरी कुणीतरी करून देतंय. कडक इस्त्रीच म्हणू त्याला. आणि तो काळ्या कोटातला, त्याचा वैरी..."

"तो दुष्ट आहे ना?"

"दुष्ट कसला! बाही बघ त्याची... म्हणजे ऐक. दोनदा दुमडून शिवलीय. कोट थोरल्या भावाचा. भाऊ गेला, कोट राहिला. हातमोजासुद्धा एकच. भांडतो खरा, पण त्याला जेवायला कुणी बोलवत नाही. एवढंच त्याचं दुखणं."

त्याचं नाव पडलं चुरगळ्या. चार दिवसांत भिंगरी कडक इस्त्रीला विसरूनही गेली.

सोमवारी भावजय पोरीला तपासायला घेऊन गेली आणि नवी पट्टी बांधून परत आली. "अजून आठवडाभर ठेवायची," चपलेचा पट्टा सोडवत, मान वर न करता ती म्हणाली.

आत्याने पट्टी बोटांत धरून पाहिली. पातळ, एकपदरी. "दवाखान्यातसुद्धा काटकसर आली म्हणायची! आणि ही गाठ कुणी मारली? बुटाच्या नाडीची?"

"असू द्या वन्सं."

शिकलेली बाई, एरवी शब्दाला शब्द द्यायची. त्या दिवशी तेवढ्यावरच थांबली.

मंगळवारपासून भिंगरीचा हात दुधाच्या पेल्याकडे सरळ जायला लागला. अंधाराची सवय झाली लेकराला, असं वाटून आत्याने पेला आणखी जवळ सरकवला.

गुरुवारी नको ते झालं. कडक इस्त्रीवर घाव येत होता. चुरगळ्याने आपला राक्षस मध्ये घातला. लखकन उजेड झाला, मग नुसती राख. कडक इस्त्री त्या राखेत गुडघे टेकून बसला. त्याच्या हातात एक हातमोजा होता.

आत्याच्या लाँड्रीतल्या फडताळात चार कपडे होते, ज्यांची माणसं न्यायला परत आलीच नव्हती. ती ते दरवर्षी धुऊन पुन्हा घडी घालून ठेवायची.

"काय झालं आत्या?" भिंगरीचा आवाज चिरकला. पट्टी ओली झाली होती.

औषधाचं पाणी असेल. आत्याने ते पदराने टिपलं. उद्यापरवा डोळे उघडायचे पोरीचे, आणि तिला मरणाची बातमी द्यायची? जीभ झडेल!

"काही नाही गं. मोजा पडला त्याचा. पलीकडच्या ग्रहावर उतरला. वेंधळा मेला."

"नक्की?"

"खाली लिहिलंय तसं सांगते. मी काय मनाचं सांगते?"

भिंगरीने आत्याचा हात घट्ट धरला. "मग उद्या तो काय करेल?"

दुसऱ्या दिवसापासून चुरगळ्या पडद्यावर नव्हता, पण आत्याच्या तोंडी होता. पलीकडच्या ग्रहावर त्याने लाँड्री टाकली. पहिल्याच दिवशी कुणाची तरी बाही जाळली. शेजारच्या म्हातारीने शिव्या घातल्या आणि जेवायला वाढलं.

"म्हातारी तुझ्यासारखी होती?"

"माझ्यासारखी दुसरी कुठून आणणार?"

भिंगरी खुदखुदली.

रविवारी मालिका संपली. आत्याने चुरगळ्याला कडक इस्त्रीच्या दारात आणून उभा केला. "म्हणाला, माझा मोजा राहिलाय तुझ्याकडे. न्यायला आलोय."

"आला?"

"आला तर! ज्याची वस्तू त्याने न्यायलाच हवी."

सोमवार उजाडला. आज पट्टी सुटणार, पोर तीच मालिका पुन्हा लावणार, खालची अक्षरं वाचणार, आणि आत्याची बत्तीस वर्षांची अब्रू एका दुपारीत धुतली जाणार. इस्त्री फिरवता फिरवता तिचा हात दोनदा थांबला.

नर्सबाई कोट न्यायला आल्या. आत्याने दोन निळे टाके पाहून कोट काढला.

"भाची काय म्हणते?"

"आज सुटेल एकदाची पट्टी."

"कुठली पट्टी?" नर्सबाईंनी कोट हातावर टाकला आणि त्या हसल्या. "ती तर मागच्या सोमवारीच सोडली, मी माझ्या हातांनी. काय नजर आलीय पोरीला! तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली."