विल्फचा चेहरा

ग्लेनिसला फुटबॉलच्या मैदानाकडे पाठ करूनच उभं राहावं लागे. नोकरीच प्रेक्षकांवर नजर ठेवायची. वीस वर्षं ती सामन्याचा रंग पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या विल्फच्या चेहऱ्यावरून ओळखत आली होती. आज मोसमातला शेवटचा सामना हरला तर संघ खालच्या श्रेणीत घसरणार, आणि क्लबच्या धुलाईघरातली तिच्या लेकीची नोकरी जाणार. बरोबरी चालू असताना शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांना पेनल्टी मिळाली. विल्फने चक्क पाठ फिरवून डोळे मिटले. "अहो, तिकडे बघा ना! मला कसं कळणार?" "माझ्याने बघवत नाही, पोरी. तूच सांग." ग्लेनिसने त्याचा दंड धरला. मागे चेंडूला लाथ बसली. वरच्या रांगेतल्या बायका रडू लागल्या. मग एका टकल्याने शेजारच्या पोलिसाचा मुका घेतला. "वाचलो गं?" "वाचलो. बसा खाली," ती दरडावून म्हणाली; पण तिच्याने दंड सोडवेना.