कॅमेऱ्याच्या उजवीकडे

भावाच्या माघारी त्याचा कॅमेरा तिच्याकडे आला आणि अर्धवट राहिलेलं कामही. आपल्याच शहरातल्या माणसांवर दोघं मिळून माहितीपट करणार होती. आता तिला एकटीनंच तो रेटायचा होता.

मुलाखत घेताना ती कॅमेऱ्याच्या डावीकडे स्टूल टाकून बसायची. समोरच्यानं तिच्याकडे बघून बोलायचं, एवढंच तिचं सांगणं असे.

संकलनाला बसली तेव्हा ती एकेक मुलाखत पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघू लागली. शिंपी बोलता बोलता उजवीकडे बघत होता. शाळेतल्या मावशीही तिकडेच. कुलूपवाला तर तिकडे बघून मान डोलावत होता. सगळ्यांची नजर जराशी वर, समोर कुणी उभं असावं तशी. प्रश्न विचारायच्या नादात तिला हे कळलंच नव्हतं. त्या बाजूला तर कधीच कुणी नव्हतं.

शेवटची मुलाखत आईची. मुलगा गेल्यापासून आईनं बोलणंच टाकलं होतं. आज मात्र ती केस विंचरून बसली होती.

कॅमेरा सुरू झाला. आईनं उजवीकडे पाहिलं, जरासं वर. तिचा चेहरा हळूहळू निवळत गेला.

"आई, इकडे बघ ना माझ्याकडे."

"बघते गं," आई म्हणाली. "आधी त्याला खुर्ची दे. केव्हाचा उभा आहे."