शेजारचा ब्रेक

भूमितीचे निवृत्त सर गाडी चालवताना शेजारी बसलेल्या बायकोला वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आले होते, "अगं, तिथे ब्रेक नाही!" वळण आलं की ती मॅटवर टाच दाबायची आणि म्हणायची, "तुमच्याकडे आहे, तर तुम्ही दाबत नाही." दाबून दाबून मॅटला खळगा पडला होता.

ती गेली. दोन महिन्यांनी गाडीत नवं सॉफ्टवेअर आलं आणि गाडी प्रत्येक वळणाआधी आपोआप हळू होऊ लागली. सर मनाशी म्हणाले, "चला, तुझं ऐकणारं कोणीतरी भेटलं."

सर्व्हिसिंगला गाडी नेली तेव्हा वर्कशॉपमधल्या मेकॅनिक मुलीने लॅपटॉप जोडला. "सर, गाडीने आपणहून ब्रेक लावलेलाच नाही. पायाने दाबल्याची नोंद आहे."

"माझा पाय तर ॲक्सिलरेटरवर होता."

"तीही नोंद आहे." तिने स्क्रीन पुन्हा एकदा तपासली. "काहीतरी दोष असेल."

"राहू द्या तो दोष."

"कसा राहू देऊ? सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दुरुस्तीचं अपडेट आत्ताच टाकलं मी."

परतताना पहिल्या वळणाला गाडी हळू झाली नाही. दुसऱ्या वळणाला सरांनी मुद्दाम वेग तसाच ठेवला. "दाब ना गं," ते म्हणाले, "या वेळी ऐकतो."

गाडी तशीच सुसाट. शेवटी त्यांनीच करकचून ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली.

मग त्यांची नजर शेजारी खाली गेली. मॅटवरचा खळगा खोल जात होता, वर येत होता, पुन्हा खोल जात होता. घाईघाईने, जिवाच्या आकांताने.

गाडी केव्हाची उभी होती.