नववा तंबू

नर्स त्सोमो घोड्यावरून पठारावरच्या भटक्या पशुपालकांच्या तंबूतंबूत जाऊन ब्लडप्रेशर मोजायची आणि चहातलं मीठ कमी करा म्हणून कानीकपाळी ओरडायची. आजचा नववा तंबू म्हाताऱ्या युद्रोनआमाचा. त्सोमोने घोट घेतला की आमा लोण्याचा खारा चहा परत काठोकाठ भरायची. पाहुण्याचा पेला रिकामा दिसणं बरं नाही.

“आमा, तुमचं प्रेशर वाढलंय. मीठ सोडा.”

“सत्तर वर्षं हाच चहा पितेय, आता काय सोडायचं? तुझं मोज बघू.”

त्सोमोने मोजलं. आमापेक्षा जास्त निघालं.

“आज किती तंबू झाले गं?”

“नऊ. प्रत्येक ठिकाणी तीन-तीन पेले.”

आमाने मिठाची पिशवी चुलीपाशी बसलेल्या सुनेकडे सरकवली. “हे उचलून ठेव. आजपासून अळणी चहाची सवय करू. ही पोरगी दर महिन्याला येते, मारायचंय का तिला?”