दोन कयाकींमधलं जाळं

"काल रात्री परास्केवा गेली," खालच्या छावणीतून निरोप घेऊन आलेला निकिफोर म्हणाला आणि वल्ह्यावरून निथळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

कुस्मा गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळ्याचा गुंता सोडवत होता. त्याचे हात थांबले. परास्केवा म्हणजे झाखारची बायको, आणि झाखार वर तंबूत चहा उकळत होता. दोघे मामे-आतेभाऊ सॅमन मासे धरायला कुस्कोक्विम नदीच्या या वळणावर येऊन राहिले होते. बायकापोरं खाली छावणीत होती. त्या छावणीत मागच्या आठवड्यात खोकल्याचा ताप शिरला होता.

"त्याला सांगितलंस?"

"माझ्याच्यानं नाही होत. तू त्याच्या आत्याचा मुलगा. तूच सांग."

निकिफोर काठावर उतरला, तंबूत गेला. घोटभर चहा पिऊन बाहेर आला आणि कुस्माकडे न बघताच आपल्या कयाकीत बसला. वरच्या छावण्यांना निरोप द्यायचे होते त्याला.

सांगायचंच, असं ठरवून कुस्मा काठ चढू लागला. तेवढ्यात मागे पाणी फुटल्याचा आवाज झाला. त्यानं वळून पाहिलं. मधल्या धारेत काळ्या पाठी वर येत होत्या. एक, तिच्यामागे दुसरी, मग मोजता येणार नाहीत इतक्या. यंदा सॅमनना उशीर झाला होता, आणि आले ते आज.

घरात मयत झालं की सुतक फिटेपर्यंत त्या घरच्यानं नदीत जाळं टाकायचं नसतं, मासा रुसतो. आणि हे जाळं एकट्याचं नव्हतंच. एक टोक एका कयाकीत, दुसरं दुसरीत. सुतक फिटेपर्यंत मासे निघून जाणार. तापातून जी पोरं उठतील ती हिवाळ्यात काय खाणार?

पण न कळलेल्या मरणाचं सुतक लागत नाही, असं म्हातारे म्हणायचे.

"काय रे आत्याच्या पोरा, झोपलास का उभ्या उभ्या?" झाखार धावतच खाली आला. "मासे दारात आलेत नि हा पाहुण्यासारखा उभा!"

संध्याकाळी सांगू, कुस्मानं ठरवलं.

सीलच्या कातड्याच्या दोन्ही कयाकी पाण्यात सरकल्या. दोघं लांब झाले, मधे जाळं ताणलं आणि धारेबरोबर वाहू लागले.

"जाळं धरलंयस की सासूची वेणी? ओढ की जरा!"

"तू आपलं वल्हं सांभाळ. मासे हसतायत तुला."

"हसू देत. हसताना तोंड उघडतं, मग अडकतात."

मामेभावानं आतेभावाला चिडवायचं ही रीतच होती. पण त्या दिवशी झाखारच्या तोंडाला खळ नव्हता. कुस्माचं वल्हं, त्याची टोपी, त्याचं घोरणं, कशालाच त्यानं सोडलं नाही. कुस्माही मोठ्यानं हसत होता. गप्प बसलो तर चेहरा फितूर होईल, ही भीती.

जाळं जड झालं. दोन्ही कयाकी जवळ आल्या. मासा वर घ्यायचा, डोक्यात सोटा घालायचा, पायांच्या पुढे सारायचा. कयाक भरली की काठावर ओल्या गवताखाली ढीग करायचा आणि पुन्हा वर वल्हवत जायचं. बोटं सोलून निघाली.

"एवढे मासे कापायचे म्हणजे परास्केवा मला शिव्या घालणार," झाखार म्हणाला. "घालू दे. शिव्या घातल्या की तिचा चेहरा उजळतो."

कुस्मा पुन्हा हसला. या वेळी हसता हसता तो जाळ्यावर वाकला.

दुपारी एक अजस्र मासा लागला. त्यानं झाखारची कयाक जवळजवळ उलटवली. दोघांनी मिळून त्याला वर घेतलं. झाखारनं तो कुस्माच्या कयाकीत ढकलला.

"तुझा."

"तुझ्या बाजूला लागला होता!"

"घे म्हणतो ना."

"मग याच्या पोटाची चरबीची पट्टी अन्फिसाला," कुस्मा म्हणाला. "माझी पोरगी बोटं चाटत खाते."

झाखारनं त्या मेलेल्या माशाच्या डोक्यात आणखी एक सोटा घातला.

"चल," तो म्हणाला. "अजून एकदा टाकू."

कुस्मा तेच म्हणणार होता. आपल्याला बोलावं लागलं नाही, याचं त्याला बरं वाटलं. त्यानंतरही दर वेळी झाखारच म्हणे, अजून एकदा. बिचारा, कुस्माच्या मनात येई. बायकोसाठी घाम गाळतोय.

ऊन कललं तेव्हा गवताखालचा ढीग कमरेइतका झाला होता. तो न्यायला मोठी होडी पाठवायची ठरवून दोघं भरल्या कयाकींनी छावणीकडे निघाले. आता झाखार काहीच बोलत नव्हता. दमला असेल.

शेवटच्या वळणावर मासे सुकवायच्या धुराच्या खोप्या दिसल्या. काठावर बायका उभ्या होत्या. एकही हाक आली नाही.

"झाखार, थांब."

कुस्मानं आपली कयाक त्याच्या कयाकीला टेकवली आणि तिची कड घट्ट धरली.

"परास्केवा गेली. काल रात्री. निकिफोरनं सकाळीच सांगितलं मला. मी लपवलं. मासे आले होते म्हणून लपवलं. मार मला, बुडव. पण पोरांना जगवायचं होतं रे."

झाखारच्या हातातलं वल्हं सुटलं. कुस्मानं ते धारेतून उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. झाखारनं घेतलं नाही. कुस्मा मान खाली घालून तडाख्याची वाट बघत राहिला.

तडाखा आला नाही. त्याच्या मनगटावर झाखारचा गार, ओला हात पडला.

"निकिफोरनं सकाळी तंबूत मलाही एक नाव सांगितलं होतं," झाखार म्हणाला. "परास्केवाचं नाही. अन्फिसाचं."