घड्याळाला पटेना

हॉटेलातल्या वाढप्याला लेकीने पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलं आणि त्याचा हिशेब तिच्या फोनवर जाऊ लागला. दिवसभर तो ट्रे घेऊन टेबलांमधून नुसता पळत असायचा. पण घड्याळ बांधलेला ट्रेचा हात हलला तर सूप गिऱ्हाइकाच्या मांडीवर, आणि हात हलल्याशिवाय माणूस चालतोय हे घड्याळाला काही केल्या पटेना.

संध्याकाळी त्याने खुर्चीत बसून गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडले, तोच लेकीचा फोन आला.

"बाबा, आजही दिवसभर बसूनच? डॉक्टर काय म्हणाले होते? बसायचंच असेल तर सोडा ती नोकरी आणि या माझ्याकडे. मी फिरवते तुम्हाला!"

"अगं बये, पायांचे तुकडे पडलेत माझ्या!" घड्याळाचा हात जोरजोरात हलवत तो बराच वेळ तिच्यावर करवादला.

पलीकडे तिने फोनवरचा हिशेब पुन्हा पाहिला.

"अय्या बाबा, भांडता भांडता चालायला लागलात? घड्याळाने व्यायाम धरला की! रोज एवढं कराल, तर नोकरीचं नाव काढणार नाही."



तेव्हापासून रोज संध्याकाळी तो बादलीत पाय सोडतो, लेकीला फोन लावतो आणि नोकरी वाचेपर्यंत भांडतो.