सैल करदोडा

म्हाळसाबाईंनी नातवाचा शर्ट वर केला, त्याच्या कमरेच्या काळ्या करदोड्यात अख्खी मूठ घातली आणि डॉक्टरांना दाखवली.

“बघा. मागच्या पोळ्याला मीच बांधला, तवा बोट शिरत नव्हतं. आता मूठ जाती. लेकरू वाळून चाललं, अन् ही म्हणती, चांगलं जेवतंय.”

‘ही’ म्हणजे सून, तनुजा. ती शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. चार वर्षांचा शिवा आजीच्या मांडीवर होता आणि आजीच्या पायाशी त्याच्या कपड्यांची पिशवी. दवाखाना उरकला की नातवाला घेऊन तडक आपल्या गावची, पिशोरची गाडी धरायची, शेळीच्या दुधावर पोसून त्याला माणसात आणायचं, परत कधी पाठवायचं ते पुढचं पुढं, असा म्हाळसाबाईंचा बेत होता. तनुजाच्या नवऱ्यानं, सोनाजीनं आईलाही हो म्हटलं होतं आणि बायकोलाही. मग डबा घेऊन तो वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये बसला. भलता शहाणा माणूस!

तनुजाचं रडून झालं होतं. आता तिला त्या पिशवीकडं नुसतं बघवतही नव्हतं.

छावणीतल्या त्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर सुकेशनी यांनी कुणालाच बोल लावला नाही. शिवाचं वजन केलं. त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी टेकवून उंची घेतली. लंगडी घालायला सांगितली, तर तो पार दारापर्यंत जाऊन आला.

“जेवतो किती?”

“चतकोर भाकर,” म्हाळसाबाईंनी सुनेला तोंड उघडूच दिलं नाही. “तीबी खेळत खेळत. मागच्या साली अर्धी हाणायचा.”

डॉक्टरांचं लक्ष शिवाच्या पायांकडं गेलं. पँट घोट्याच्या चांगलीच वर होती. “ही कधीची?”

“उन्हाळ्यातली. लग्नाला घेतली होती,” तनुजा हळूच म्हणाली. “एकदा खालची शिलाई उसवून सोडलीबी.”

“आटली ती,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “शहरातलं कापडबी तसलंच.”

“आटली असती तर कमरेलाही आवळली असती ना, आजी?” डॉक्टरांनी पँटच्या कमरेत दोन बोटं सहज फिरवली. “पोरगं लांबलंय. बाळपणीचं गोल पोट आता राहत नाही, आत जातं. वाढ सगळी उंचीत दिसते. भूकही पहिल्यासारखी लागत नाही. वजन थोडं थोडं वाढतंय त्याचं, मी मागची वजनं बघितलीत. कोंबून भरवू नका, खेळू द्या. सहा महिन्यांनी परत आणा.”

“मंग हा करदोडा सैल कसा झाला?”

“करदोडा पोट मोजतो, आजी. पाय कुठं मोजतो?”

म्हाळसाबाई पिशवी उचलून बाहेर आल्या आणि पायरी उतरता उतरता म्हणाल्या, “डॉक्टरला काय जातंय बोलायला? चल रं शिवा, गाडी चुकंल.”

आता शब्दानं तरी भांडावं, असं तनुजाला फार वाटलं, पण ती नुसती त्यांच्या मागोमाग पायरी उतरली.

म्हाळसाबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली आणि सवयीनं शिवाला कडेवर घेतलं. मागच्या पोळ्याला याच कडेवर बसून त्यानं सगळ्या गावातले बैल बघितले होते. दोन पावलं गेल्या, तशा त्या थांबल्या. शिवाचे पाय त्यांच्या गुडघ्यांवर आपटत होते. त्यांनी त्याला वर सरकवलं. पुन्हा चालल्या, पुन्हा पाय गुडघ्यांवर.

“आजी, मला चालता येतं,” शिवा म्हणाला.

त्यांनी त्याला खाली उतरवलं. मग रस्त्याच्या कडेलाच वाकून त्याची पँट दोन्ही हातांनी खाली ओढून बघितली. कितीही ओढली तरी ती घोट्याला टेकेना.

“नाय आटली गं ही,” त्या म्हणाल्या, आणि खांद्यावरची पिशवी काढून सुनेच्या हातात दिली.